एकोणीस वळणांची भीती

मित्रांनो, मी एक जुनी घसरवाट आहे, आणि मी भित्री आहे. अंगाने सिमेंटची आहे, दीड किलोमीटर लांब आहे, आल्प्सचा अख्खा उतार अंगाखाली घेऊन पडले आहे, तरीही भित्री आहे. खाली फ्रासेरा नावाचे गाव आहे. त्याच्या डोक्यावर माझी एकोणीस वळणे आहेत. माझ्यावर बर्फ थापत, त्या बर्फावरून पोलादी पात्यांच्या घसरगाड्या सुटत, आणि त्यांतली माणसे एका मिनिटात डोंगराच्या कुशीतून पायथ्याशी येत. हिवाळी खेळांच्या महोत्सवासाठी मला बांधले. तो महोत्सव सतरा दिवस चालला. माझे वय आता तेवीस वर्षे आहे. म्हणजे माझ्या आयुष्यात महोत्सव संपल्यानंतरचेच दिवस जास्त, आणि मी सांगणार आहे तेही बहुतेक त्यांच्याबद्दलच.

माझ्यासाठी आधी सूचिपर्णीची झाडे तोडली. मग लोखंडी सळयांचा सांगाडा उभा राहिला आणि त्यात बोटाएवढ्या जाड नळ्या, हजारो नळ्या, एकमेकींना खेटून बसवल्या. गावातली तरुण मुले मजुरीला होती. त्यांतला लिव्हिओ नावाचा एक लांबलचक हातांचा मुलगा चौदाव्या वळणावर नळ्या तारेने बांधायचा. तो काम करताना शीळ घालायचा. त्याची बोटे थंडीने फुटलेली असायची, पण गाठ मात्र पक्की मारायचा. वरून सिमेंट फवारले, आणि मी जन्मले.

चौदाव्या वळणाच्या खालीच डेल्फिनाचे घर आहे. डेल्फिना तेव्हा पन्नाशीची होती, एकटी राहायची, अकरा शेळ्या पाळायची आणि तोमा नावाचे चीज करायची. एके दिवशी ती वाट चढून थेट इंजिनियरसमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, या नळ्यांमधून काय जाणार?"

"अमोनिया, बाई. तो भिंतीला गार करतो, म्हणून बर्फ धरतो. बर्फाच्या कारखान्यात असतो ना, तोच."

"आणि फुटलं तर?"

इंजिनियर हसला. "फुटणार नाही."

"न फुटणारी वस्तू मी अजून पाहिली नाही," डेल्फिना म्हणाली. "माझा नवरासुद्धा फुटला, आणि समोरच्या गावातल्या शिंपिणीला जाऊन मिळाला."

मजूर हसले, इंजिनियरही हसला. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा घाबरले. तोवर मला वाटत होते की माझ्या पोटात गारवा भरणार. गारवा म्हणजे विष असू शकते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

त्या विषाचा राखणदार होता चेल्सो. हा खालच्या शहरात आइसक्रीमच्या कारखान्यात यंत्रे सांभाळून आलेला बुटका, कमी बोलणारा माणूस. चौदाव्या वळणाशेजारी यंत्रघर होते, त्यात दोन मोठ्या टाक्या आणि पंप होते. चेल्सो रोज सकाळी गंधकाची काडी पेटवून माझ्या प्रत्येक सांध्याजवळून फिरवायचा. वायू गळत असला तर त्या काडीच्या धुराचा दाट पांढरा लोळ होतो. लोळ झाला नाही की तो स्वतःशीच "बरं" म्हणायचा आणि पुढच्या सांध्याकडे जायचा. ते "बरं" ऐकेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

मग महोत्सव आला. झेंडे आले, गाण्यांची वाद्ये आली, माझ्या दोन्ही काठांवर माणसांची भिंत उभी राहिली. लोक मला सुंदर म्हणाले. एका मोठ्या माणसाने माझ्यासमोर उभे राहून भाषण केले की ही घसरवाट या दरीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा ठेवा आहे. टाळ्या पडल्या. मलाही खरे वाटले.

शर्यतीच्या आदल्या दिवशी लॅटव्हियाहून आलेली दाग्निया नावाची मुलगी माझ्यातून पायी चालत वर आली. पाठीवर झोपून, पाय पुढे करून, मान किंचित उचलून तिच्या खेळातली मंडळी छोटी गाडी हाकतात. तेराव्या वळणावर ती थांबली आणि हातमोजा काढून तिने माझ्या बर्फावर तळवा टेकला. तिची भाषा मला येत नव्हती. तळव्याची थरथर मात्र कळली. मला तिला सांगायचे होते की पोरी, मलाही तुझी भीती वाटते. तू माझ्या अंगावर मरू नकोस.

दुसऱ्या दिवशी ती तेराव्याच वळणावर उलटली. ताशी शंभरच्या वर वेग होता. गाडी एकीकडे आणि ती एकीकडे, दोघीही घासत, आपटत चौदाव्यापर्यंत आल्या. काठावरची हजारो माणसे एकदम गप्प झाली. मी ती शांतता अजून विसरले नाही. दाग्निया हलत नव्हती. मग तिने एक पाय हलवला. तिचे गळ्याखालचे हाड मोडले होते, जीव वाचला होता. तिला उचलून नेले, ओला बर्फ थापून माझी खरचटलेली जागा बुजवली, आणि वीस मिनिटांनी पुढची गाडी सुटली. लोक पुन्हा ओरडू लागले. मला मात्र त्या दिवशी कळले की मी माणूस मारू शकते, आणि मारला तरी माझा बर्फ पुन्हा थापला जाईल.

महोत्सव संपला. त्यानंतर काही हिवाळे लहानमोठ्या शर्यती झाल्या. मग त्या कमी झाल्या. एका वर्षी बर्फ थापायला कोणी आलेच नाही. ज्या मंडळाने मला बांधले होते ते विसर्जित झाले. प्रांताची कचेरी म्हणे, घसरवाट गावाची. गाव म्हणे, प्रांताची. माझ्याबद्दल कागद इकडून तिकडे जात राहिले आणि मी जिथल्या तिथे.

एके दिवशी विजेची तार तोडायला माणसे आली. चेल्सो त्यांच्या आडवा उभा राहिला.

"थांबा. पंप विजेवर चालतात. नळ्यांतला वायू आधी टाक्यांत ओढून घ्यायचा, टाक्यांतला गाड्यांत भरून न्यायचा. मग खुशाल तोडा."

"आमच्याकडे फक्त वीज तोडायचा हुकूम आहे, काका."

"आणि वायू?"

"त्याचा हुकूम दुसऱ्या खात्याचा असेल."

तो हुकूम कधी आला नाही. वीज गेली, तसे पंप गेले, धोक्याचा भोंगाही गेला. टाक्यांत आणि नळ्यांत विष तसेच राहिले.

मित्रांनो, एकटे पडल्याचे दुःख मोठे असते, असे तुम्ही अनेकांच्या तोंडून ऐकले असेल. माझे दुःख निराळे होते. मला झाडांच्या मुळांनी तडे गेले, माझ्या काठांवर रानगुलाब चढला, ते मला आवडले. पण रात्रंदिवस मला माझ्या पोटातली कुजबुज ऐकू यायची. गंज लोखंड खातो तेव्हा आवाज होत नाही म्हणतात. मला तो ऐकू यायचा. कुठली नळी पातळ झाली आहे हे मला कळायचे, आणि सांगायला तोंड नव्हते. खाली शाळा होती. मधल्या सुट्टीत पोरांचा गलका वर यायचा, आणि मी अंग आखडून पडायचे.

चेल्सोची नोकरी वीज जायच्या आधीच सुटली होती. तरी तो येत राहिला. यंत्रघराची एक किल्ली त्याने परत केलीच नव्हती. रोज सकाळी तो गंधकाची काडी घेऊन माझ्या सांध्यांवरून फिरायचा. महिन्यातून एकदा टाकीवरच्या मोठ्या चाकाला ग्रीस लावून ते पूर्ण बंद करून पुन्हा उघडून बघायचा.

"नुसतं बंदच का ठेवत नाहीस?" डेल्फिनाने एकदा विचारले.

"नळ्यांत दाब वाढला तर वायूला परत टाकीत यायला वाट हवी. ती बंद केली तर नळ्याच फुटतील."

"आणि मीसुद्धा. मी खालीच झोपते." मग थोडे थांबून ती म्हणाली, "तू पत्रं लिहितोस ना कचेरीला?"

"एकोणचाळीस लिहिली."

"बरं झालं. त्यांची शेगडी पेटायला कागद लागतोच."

तो हसला नाही. त्याने तिला समजावले, "डेल्फिना, नाकाला झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, की पदार्थ चुलीवर असला तरी सोडायचा. ओलं फडकं तोंडाला. आणि वाऱ्याच्या तोंडाकडे पळायचं. दुपारभर वारा दरीतून वर चढतो, म्हणजे तेव्हा खाली पळायचं. ऊन कड्याआड गेलं की तोच वारा उलटतो आणि गावात उतरतो. तेव्हा बाजूने वळसा घालून वर."

"आणि शेळ्या?"

चेल्सोने उत्तर दिले नाही.

मे महिन्यातली ती दुपार होती. ऊन छान पडले होते. शाळेच्या मैदानात पोरे वर्षाअखेरच्या कार्यक्रमाची तालीम करत होती, त्यांचे गाणे वर ऐकू येत होते. पाचच्या सुमाराला दोन माणसे करवत आणि पोती घेऊन झुडपांतून आली. त्यांतल्या एकाचे लांब हात मी लगेच ओळखले. लिव्हिओ. केस पिकले होते, खांदे वाकले होते. नोकरी होती तो कारखाना बंद पडल्यापासून तो मोडके लोखंड आणि तांबे विकून पोट भरत होता.

सोबतचा माणूस कचरत होता. "आत काही नसेल ना?"

"अरे, बारा वर्षं बंद आहे. काय असणार? उंदीर," लिव्हिओ म्हणाला. "हे पाइप मी माझ्या हातांनी बांधलेत. मला विचार."

नको, लिव्हिओ, मी म्हणत होते. नको रे. ज्या हातांनी माझ्या नळ्या बांधल्या, त्याच हातांनी त्याने करवत लावली. टाकीपासून माझ्याकडे येणाऱ्या पाइपला, चौदाव्या वळणापाशी. मला करवतीचे दाते एकेक मोजता आले. मग सुस्कारा आला. बारा वर्षे कोंडलेला सुस्कारा, पांढरा, गार, जमिनीलगत पसरणारा.

लिव्हिओ एकदाच खोकला आणि गुडघ्यांवर बसला. मग आडवा झाला. दुसरा माणूस पोते टाकून उताराने पळत सुटला. तो पळाला म्हणून लोक त्याला नावे ठेवतात. पण तो थेट चर्चपर्यंत पळाला आणि त्याने घंटा वाजवायला घेतली, हेही सांगितले पाहिजे.

वारा अजून वर चढत होता. पांढरा ढग माझ्या वळणांवरून रानाकडे सरकत होता. डेल्फिनाच्या शेळ्या तिथेच चरत होत्या. त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज एकदम खूप झाला, आणि मग एकेक करून थांबला. मी सूर्याकडे पाहत होते. तो कड्यापासून हातभर वर होता. तो कड्याआड गेला की हाच ढग मागे फिरणार होता, आणि टाक्या अजून भरलेल्या होत्या.

घंटा ऐकून चेल्सो खालून धापा टाकत आला. आता तो सत्तरीच्या पुढचा होता. यंत्रघरातून त्याने वायूपासून वाचवणारा जुना मुखवटा काढला. त्याची एक काच तडकलेली होती. तेवढ्यात डेल्फिना वर येताना दिसली, ओली शाल तोंडाला गुंडाळून.

"तू खाली जा!" चेल्सो ओरडला. "गावात जा!"

"गावात जायला माझे गुडघे राहिले नाहीत. तो कोण पडलाय?"

"लिव्हिओ. पण आधी चाक. चाक बंद केलं नाही तर सगळं गाव..."

"तर मग तू चाक बघ. पाय धरून ओढायला मला हात आहेत."

"डेल्फिना, पाच पावलांच्या पुढे गेलीस तर मरशील."

"मग चारच पावलांवर पडायचं होतंस, असं त्याला सांग!" असे म्हणून ती गेलीच. लिव्हिओ ढगाच्या खालच्या कडेला पडला होता, वारा तिच्या पाठीकडून येत होता, म्हणून ती वाचली. तिने त्याचे दोन्ही घोटे धरले आणि बटाट्याचे पोते ओढावे तसे त्याला खाली ओढू लागली. तोंडाने त्याला शिव्या देत होती. त्या शिव्या थांबल्या असत्या तर मी काय केले असते मला माहीत नाही.

चेल्सो ढगात शिरला. तो मला दिसेनासा झाला. फक्त चाकावर त्याचे हात मला जाणवत होते. चाक फिरले. ग्रीस लावलेले ते चाक लोण्यासारखे फिरले, मित्रांनो. एक फेरा, दोन, तीन. सहाव्या फेऱ्याला त्याचा हात निसटला. मला वाटले संपले. माझ्या अंगात एवढे लोखंड असून मला एक बोटही हलवता येत नव्हते. मग हात पुन्हा आले, चाचपडत. सात. आठ. अकराव्या फेऱ्याला सुस्कारा बारीक झाला, आणि थांबला. नळ्यांत उरले होते तेवढे झिरपत राहिले. टाक्या मात्र बंद झाल्या होत्या.

सूर्य कड्याआड गेला तेव्हा चेल्सो रांगत बाहेर येत होता. डेल्फिनाने त्याला कॉलरला धरून शेळ्यांच्या दगडी डोणीपर्यंत नेले. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी त्या डोणीत सतत पडते. तिने त्याचे तोंड पाण्यात दाबले.

"डोळे उघड!"

"उघडत नाहीत."

"उघड म्हणते ना, मेल्या! पाणी आत जाऊ दे!"

"जळतंय गं."

"जळू दे. जळतंय तोवर डोळा आहे."

बंबवाले येईपर्यंत ती त्याच्या डोळ्यांत पाणी ओतत राहिली. बंबवाल्यांनी चौदाव्या वळणाखाली पाण्याचे फवारे उभे केले आणि उरलासुरला ढग त्यात विरला. गाव घंटेमुळे आधीच समोरच्या चढावर गेले होते. पोरे मोजून घेतली, सगळी होती. चेल्सोचा डावा डोळा गेला. उजवा राहिला, तो त्या डोणीमुळे. लिव्हिओ वाचला, पण त्याच्या छातीत आता सतत शीळ वाजते, आणि ती त्याने घातलेली नसते. अकरा शेळ्या गेल्या. डेल्फिनाने त्या एकेक ओळखून, नावाने हाक मारून पुरल्या. चेल्सो तिच्याजवळ उभा राहिला तेव्हा ती म्हणाली, "तू त्या दिवशी उत्तर दिलं नव्हतंस. मला तेव्हाच कळलं होतं."

त्यानंतर मात्र हुकूम चार दिवसांत आला. जनित्र आले, पंप आले, टाक्यांच्या गाड्या आल्या. तीन आठवडे माझ्या नसांतून विष ओढून नेत होते. शेवटच्या दिवशी माझ्या नळ्यांतून नुसती हवा वाजली. आता माझ्यात काही नाही. मी पोकळ आहे आणि हलकी आहे. भीती जायला हवी होती.

गेल्या शरदात दुसऱ्या दरीतून काही माणसे आली. त्यांच्याकडे पुढचा महोत्सव येणार आहे, म्हणून जुनी घसरवाट बघायला आली होती. त्यांच्यातली एक तरुण बाई वहीत माझी मापे लिहून घेत होती. लांबी, वळणे, उतार, नळ्यांची जाडी. चेल्सो आणि डेल्फिना काठावर बसून मक्याच्या पिठाचा पोलेंता आणि चीज खात होते. बाईने नम्रपणे विचारले, "आजोबा, तुम्ही इथे कामाला होतात ना? आणखी काही लिहून घ्यायचं राहिलं का?"

चेल्सोने तिची वही उजव्या डोळ्याजवळ नेऊन पाहिली.

"रकाने बरेच आहेत," तो म्हणाला. "एक कमी आहे. सगळे गेल्यावर रोज सकाळी इथं कोण येणार, त्याचा."

"ते... ते नंतर ठरवतात."

"कोण ठरवतं?"

बाईबरोबरचा माणूस हसून म्हणाला, "चला, उशीर होतोय." पण ती गेली नाही. तिने पट्टी काढली, पानाच्या कडेला एक सरळ रेघ ओढली आणि वर शीर्षक लिहिले: नंतर कोण? डेल्फिनाने तिला चीजचा तुकडा देऊ केला, तो तिने घेतला, खाल्ला, आभार मानले. रकाना रिकामाच ठेवून तिने वही मिटली.

मित्रांनो, तुम्हीही उद्या काहीतरी बांधाल. पूल बांधाल, शाळा बांधाल, धरण बांधाल, कदाचित माझ्यासारखी एखादी वाटही बांधाल. टाळ्या पडतील, त्या जरूर घ्या. पण पाया खणण्याआधी तो रकाना भरा, आणि त्यात कचेरीचे नाव लिहू नका, माणसाचे नाव लिहा. त्या दुसऱ्या दरीत आता झाडे तोडायला सुरुवात झाली आहे, असे वाऱ्यावर ऐकते. तिथे माझी धाकटी बहीण जन्माला येईल. तिच्या खालीही एखादे घर असेल. ती वही कोणी पुन्हा उघडली का, हे मला माहीत नाही, आणि माझी भीती आता त्या बहिणीसाठी आहे.